वाचक विचारतात : रानहंसांचं जेवण, त्यावरचा हक्क आणि आपल्या बोड्या

गेल्या अंकात कॅनडाच्या उत्तरेकडच्या क्री आदिवासींवर एक छोटं टिपण छापलं होतं. जेम्स बे या उपसागराच्या काठावरच्या त्यांच्या गावांत एप्रिल-मे महिन्यांत साधारण दोन आठवडे शाळा बंद ठेवतात आणि बायकापोरांसह सगळं गाव रानहंसांच्या शिकारीला जातं, एवढीच माहिती त्यात होती. त्यावर गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर आणि वर्धा जिल्ह्यांतून पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून ही उत्तरं देत आहोत.

टिपणातला रानहंस म्हणजे आमच्या नवेगावबांधला थंडीत येतो तो राजहंसच का?
— अर्जुनी मोरगाव

नाही. क्री लोक ज्याला ‘निस्क’ म्हणतात तो कॅनडा हंस. त्याची मान काळी असते, गालावर पांढरा पट्टा असतो आणि वजन जातीप्रमाणे तीन ते सहा किलो भरतं. आपल्याकडे नोव्हेंबर ते मार्चदरम्यान दिसतो तो पट्टकादंब. पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे आडवे पट्टे असले की तो हाच, दुसरं काही बघायची गरज नाही. तो दोन ते तीन किलोंचा असतो, मंगोलिया आणि तिबेटच्या पठारावर अंडी घालतो आणि हिमालय ओलांडून आपल्याकडे येतो. अंगणात पाळतात तो पांढरा राजहंस पाळीव जातीचा, आणि सरस्वतीच्या चित्रातला लांब मानेचा हंस आणखी वेगळा. नावं एक झाल्यामुळे कायद्याच्या बाबतीतही घोटाळे होतात, म्हणून एवढं स्पष्ट केलं.

गावातले सगळेच बंदुका घेऊन निघाले तर पक्षी उरतील कसे? आमच्या तलावावर पोरांनी दोन फटाके फोडले तर थवा चार-चार दिवस फिरकत नाही.
— तिरोडा

तुमचा हा अनुभव क्री म्हाताऱ्यांना सांगितला तर ते लगेच मान हलवतील, कारण त्यांची सगळी पद्धत याच गोष्टीवर उभी आहे. हंस मारायचे, पण हंसांना ते कळू द्यायचं नाही.

वेमिंजी, चिसासिबी, ईस्टमेन या किनाऱ्यावरच्या गावांत प्रत्येक शिकारक्षेत्राचा एक मुखिया असतो. त्या पदाच्या नावाचा अर्थच ‘बंदुकीचा मुखिया’ असा आहे. आज कोणत्या खाडीवर बसायचं, कोणती खाडी मोकळी सोडायची, आज गोळी चालवायची की नाही, हे तो ठरवतो. बाकीच्यांनी कितीही दूरून, कितीही खर्च करून येऊन तळ ठोकला असला तरी त्याच्या शब्दाबाहेर जायचं नाही.

पहिला नियम वाऱ्याचा. वारा पडलेल्या दिवशी शिकार नाही. शांत हवेत बंदुकीचा आवाज पाण्यावरून लांबवर जातो आणि चार थवे सोडून पाचव्यालाही कळतं की ही जागा धोक्याची आहे. वारा असला की आवाज विरतो. शिवाय हंस नेहमी वाऱ्याकडे तोंड करून उतरतो, त्यामुळे तो कोणत्या बाजूने येणार हे आधीच कळतं आणि आडोसा त्या हिशोबाने बांधता येतो.

दुसरा नियम अंधाराचा. सूर्य मावळला की बंदूक खाली. रात्री हंस पाण्यावर विसावतात. तिथं त्यांना त्रास झाला तर ते गाव नाही, सगळा किनाराच सोडतात. अंधारात बंदुकीच्या तोंडाचा जाळ दिसतो हेही कारण सांगितलं जातं.

तिसरा नियम आळीपाळीचा. आज ज्या खाडीवर गोळी चालली तिला काही दिवस विश्रांती द्यायची. मोठा थवा चरायला उतरला असेल तर त्याला हात लावायचा नाही, त्यातून चार-सहाचे लहान थवे उडून येतात ते टिपायचे. पाण्यावर बसवलेली नकली हंसांची रांग आणि तोंडाने काढलेली हाक यांच्यावर हे लहान थवे वळतात. पूर्वी ही नकली पाखरं चिखलाच्या गोळ्यांची किंवा तामरॅक नावाच्या झाडाच्या काटक्या वळून बांधलेली असत. आता बहुतेक प्लास्टिकची असतात, पण काटक्यांचे हंस अजूनही हौसेने आणि विकायला बनवतात.

हे नियम नेमके कुठे मोडतात तेही लिहायला हवं. बर्फावरच्या मोटारगाड्या आणि हेलिकॉप्टर आल्यावर माणसं जास्त तळांवर पोहोचू लागली, आवाज वाढला. नोकरी करणाऱ्याला दोनच आठवड्यांची सुट्टी असते, मग तो ‘वारा नाही, थांबा’ हे ऐकायला नाखूष असतो. बर्फ पूर्वीपेक्षा लवकर आणि बेभरवशाचा वितळतो, त्यामुळे तळावर जाणं-येणं जिवावरचं झालंय. आणि १९९०च्या दशकाच्या शेवटी त्या किनाऱ्यावरचं ईलग्रास नावाचं समुद्री गवत मोठ्या प्रमाणात नाहीसं झालं. हंसांचा तो मुख्य चारा. चारा गेल्यावर थवे किनारा सोडून आतल्या भागातून उडू लागले, आणि किनाऱ्याला बेतलेले मुखियाचे आडाखे चुकू लागले. पक्षी टिकवायचा तर त्याच्या तोंडचं गवत आधी टिकवावं लागतं. बोडीच्या, म्हणजे गावच्या लहान तळ्याच्या, काठच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

मारलेला हंस एकट्याचा नसतो. म्हाताऱ्यांचा, विधवांचा, ज्यांच्या घरी शिकारी नाही त्यांचा वाटा आधी निघतो. मुलाने किंवा मुलीने आयुष्यातला पहिला हंस मारला की त्याचं छोटं जेवण होतं आणि तो पक्षी वडीलधाऱ्यांच्या ताटात जातो.

शेकोटीसमोर दोरीला टांगून अख्खा हंस भाजतात असं लिहिलं होतं. नीट समजावून सांगा. घरच्या बदकावर करता येईल का? आमच्याकडे बदकं आहेत, पण रश्श्यापलीकडे काही जमत नाही.
— एक गृहिणी, लाखांदूर

येईल. या पद्धतीला क्री लोक ‘सागाबोन’ म्हणतात. उंच खांबांच्या शंकूसारख्या खोपीत मधोमध जाळ असतो, वर आडव्या दांड्याला दोऱ्या बांधलेल्या असतात आणि जाळाच्या भोवती एका वेळी पाच-सहा हंस फिरत असतात. खाली स्प्रूस झाडाच्या कोवळ्या फांद्या अंथरलेल्या, आणि प्रत्येक हंसाखाली चरबी धरायला भांडं. सोबत बॅनक, म्हणजे कणकेची जाड भाकरी. आपल्या रोडग्याची बहीणच म्हणा. ती त्या चरबीत बुडवून खातात.

आता घरच्या बदकाचं. पाळीवच हवं, हे आधी. हळदीकुंकू बदक, अडई, नकटा हे सगळे रानपक्षी आहेत, त्यांना हात लावायचा नाही.

पिसं काढणं हे कोंबडीपेक्षा कठीण, आणि बहुतेक जणी इथंच कंटाळतात. बदकाच्या पिसांना तेल असतं, पाणी आत शिरतच नाही. पाणी उकळतं नको. बोट क्षणभरही ठेववत नाही इतकं, म्हणजे ६५ ते ७० अंश गरम हवं. त्यात बदक तीन मिनिटं बुडवा आणि काठीने पिसं उलट्या दिशेने चाळवत राहा, म्हणजे पाणी कातडीपर्यंत पोहोचेल. उकळत्या पाण्यात टाकलं तर कातडी शिजते आणि पिसांबरोबर फाटून येते. फाटलेल्या कातडीचं बदक भाजायच्या कामाचं नाही, त्याचा रस्साच करावा. मोठी पिसं निघाली की उरलेली बारीक लव मूठभर तणीस पेटवून तिच्या जाळावर भरभर फिरवून जाळून घ्या आणि सुरीच्या पाठीने खरडा. क्री बाया ही लव फेकत नाहीत, उशा आणि रजयांत भरतात. पंख अख्खे वाळवून झाडणी म्हणून वापरतात.

शेपटीच्या वरच्या बाजूला दोन पिवळट तेलगाठी असतात. त्या बोटभर खोल कापून काढा. बदकाला येणारा उग्र वास बराचसा त्यांचाच. आतडी काढताना पित्ताची पिशवी फुटू देऊ नका. फुटलीच तर तेवढा भाग लगेच धुऊन कापून टाका. कलेजी-पेठा बाजूला ठेवा. पेठा चिरून आतली वाळू आणि पिवळी जाड कातडी सोलून काढायची. पाय आणि मान यांचा वेगळा सूप चांगला होतो, क्री घरांतही तो होतो.

साफ केलेलं बदक दीड किलो असेल तर वीस-बावीस ग्रॅम, म्हणजे चार सपाट चहाचे चमचे, मीठ आतून-बाहेरून चोळा. हवं तर लसूण-मिरीचा वाटण पोटाच्या आतच लावा. बाहेरून मसाला लावू नका, तो दोन तासांच्या आचेत जळून कडू होतो. सावजी मसाल्याची सवय असलेल्यांनी तो चरबीत परतून वेगळा वाटीत घ्यावा. मीठ लावल्यावर हिवाळ्यात सावलीत, जाळीखाली, दोन-तीन तास टांगून कातडी कोरडी होऊ द्या. उन्हाळ्यात मात्र बाहेर ठेवू नका, फडक्याने टिपून लगेच आचेला लावा. ओली कातडी चामड्यासारखी चिवट होते. छातीवर आणि मांडीवर सुईने तिरकी टोचणी करा. कातडीलाच भोक पडलं पाहिजे, मांसात सुई गेली की रस गळतो.

एक जाडसर बांबूची काडी दोन्ही पंखांमधून आरपार, दुसरी दोन्ही पायांमधून. तीन बांबूंची तिकाटी उभी करा. सुती दोर साधारण दीड मीटर, पण पक्ष्याजवळचा शेवटचा हातभर भाग तारेचा ठेवा. सुतळी वापरली तर ती चरबी पिऊन पेट घेते आणि बदक राखेत.

सगळ्यात महत्त्वाचं : बदक जाळाच्या वर नाही, जाळाच्या शेजारी टांगायचं. जाळाच्या कडेपासून हात-पाऊण हात अंतर. वर टांगलं की चरबी निखाऱ्यांवर पडून भडका उडतो, काजळी धरते आणि आत कच्चं राहतं. जिथं बदक लटकणार तिथं आपला तळहात धरून बघा. चार-पाच सेकंदांत चटका असह्य व्हायला हवा. दोन सेकंदांतच झाला तर मागे घ्या. खाली परातीत पेलाभर पाणी ठेवा, म्हणजे पडणारी चरबी करपणार नाही. धावड्याचं किंवा बाभळीचं वाळलेलं लाकूड उत्तम. पळस धूर फार आणि आच कमी देतो.

दोर बोटांनी वीस-पंचवीस पीळ देऊन सोडा. पीळ सुटत सुटत बदक फिरतं, आणि आपल्याच वजनाच्या झोकाने थांबत नाही, पुढे जाऊन उलटा पीळ भरतं. मग परत फिरतं. असं ते बराच वेळ आपलं आपण फिरत राहतं. थांबलं की पुन्हा पीळ द्यायचा, एवढंच काम. क्री खोपीत हे काम पोरांकडे असतं. तासाभराने बदक उलटं करा. टांगलेल्या पक्ष्याचा खालचा भाग आधी भाजतो, उलटं केलं नाही तर छाती कोरडी आणि मांडी कच्ची. दीड किलोला दोन ते अडीच तास लागतात. तिकडच्या मोठ्या हंसाला तीन-चार तासही जातात.

झालं की नाही हे मांडीच्या सांध्यात सुरी घालून बघा. येणारा रस स्वच्छ हवा, गुलाबी नको. मांसात घालायचा थर्मामीटर असेल तर ७४ अंश. उघड्यावर वारा असेल तर एका बाजूला तट्ट्या किंवा पत्रा उभा करा, नाहीतर आच एका जागी टिकत नाही आणि वेळ दुप्पट लागतो.

परातीतली चरबी गाळून मंद आचेवर तडतड थांबेपर्यंत आटवा. तडतड म्हणजे पाणी. पाणी राहिलं तर आठवड्यात वास येतो, नाही राहिलं तर बरणीत थंड जागी महिना-दीड महिना टिकते. ज्वारीच्या भाकरीला लावून बघा. क्री लोक ती खातात आणि खोकल्यात छातीला चोळतातही.

तिकडच्या आदिवासींना हंस मारायची मुभा आणि आमच्या माडिया-गोंडांनी ससा धरला तरी केस. हा न्याय कसा?
— एटापल्ली

प्रश्न रास्त आहे, आणि तिकडेही तो सरळ सुटला नव्हता. १९१६ मध्ये अमेरिका आणि कॅनडाच्या वतीने ब्रिटन यांच्यात स्थलांतरी पक्ष्यांचा करार झाला. त्यात १० मार्च ते १ सप्टेंबर शिकारबंदी आली. दक्षिणेतल्या हौशी शिकाऱ्यांसाठी हे सोयीचं होतं, कारण हंस त्यांच्याकडे शरद ऋतूत येतो. क्रींच्या किनाऱ्यावर तो एप्रिल-मेमध्ये येतो, हिवाळ्याचा साठा संपलेला असतो तेव्हा. म्हणजे ज्या महिन्यांत हंस हेच जेवण, तेच महिने बंदीचे. करार करताना त्यांना कुणी विचारलं नव्हतं. शिकार चालू राहिली, पण बेकायदा ठरून.

पुढे कॅनडातल्या क्वेबेक प्रांताच्या सरकारने जेम्स बेच्या नद्यांवर जलविद्युत प्रकल्प सुरू केला, क्री लोक कोर्टात गेले आणि १९७५ मध्ये जेम्स बे व उत्तर क्वेबेक करार झाला. त्यात शिकारीचा, मासेमारीचा आणि सापळ्यांचा हक्क लेखी आला, आणि रानात राहून शिकार करणाऱ्या कुटुंबांना आर्थिक आधार देणारी योजनाही आली. १९१६चा करार मात्र तसाच होता. तो बदलणारा मसुदा १९९५ मध्ये झाला आणि १९९९ पासून लागू झाला. तेव्हा कुठे आदिवासींची वसंतातली शिकार आंतरराष्ट्रीय कायद्यात बसली. त्र्याऐंशी वर्षं लागली.

आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा. त्यातली शिकारीची व्याख्या फार रुंद आहे : मारणं, पकडणं, फास लावणं, हुसकावणं, पक्ष्याची अंडी किंवा घरटं मोडणं हे सगळं शिकारच. वनहक्क कायदा २००६ मध्ये आला आणि त्याने परंपरागत हक्क मान्य केले, पण कलम ३(१)(ठ)मध्ये शिकारीचा आणि फासे लावण्याचा परंपरागत हक्क स्पष्ट शब्दांत वगळला. त्यामुळे ‘आमची पारध पिढ्यान्‌पिढ्यांची आहे’ हा युक्तिवाद आज कोर्टात टिकत नाही, हे कटू असलं तरी खरं सांगितलं पाहिजे. कोणी रानबदकं किंवा कादंब विकायला आणले तर विकत घेणाराही गुन्ह्यात येतो.

पण त्याच कायद्यात जे मिळतं ते आपण पुरतं घेतलेलं नाही. पाणवठ्यातले मासे आणि इतर उत्पादन यांवरचा सामूहिक हक्क कलम ३(१)(घ)मध्ये आहे. सामूहिक वनसंसाधनाचं रक्षण, पुनर्निर्माण आणि व्यवस्थापन हा हक्कही आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला सामूहिक वनहक्क २००९ मध्ये मिळाले, आणि तुमच्याच जिल्ह्यात त्यानंतर शेकडो ग्रामसभांनी दावे केले. दाव्याच्या कागदात बोडी, डोह, नाले, मासे, शिंगाडा, कमळकांदा हे नावानिशी लिहा. नुसतं ‘वनोपज’ लिहिलं तर पुढे ठेका देताना वाद होतो. क्रींच्या मुखियाला जे अधिकार आहेत, म्हणजे केव्हा थांबायचं हे गावाने ठरवायचं, ते मासेमारीच्या बाबतीत आपल्या ग्रामसभेलाही ठरावाने बजावता येतात. विणीच्या काळात, जुलै-ऑगस्टमध्ये, चढणीचे मासे धरायचे नाहीत असा ठराव करायला कुणाची परवानगी लागत नाही.

शिकारीच्या मांसात शिसं उतरतं असं ऐकलं. खरं आहे का?
— एक आशा सेविका, सिंदेवाही

खरं आहे. शिशाचा छर्रा मांसात शिरताना झिजतो आणि त्याचे डोळ्यांना न दिसणारे कण जखमेपासून बऱ्याच अंतरापर्यंत पसरतात. छर्रा बोटाने काढून टाकला तरी कण राहतातच. चिंच, टोमॅटो, आमसूल घालून शिजवलं तर आंबटपणामुळे शिसं जास्त विरघळतं. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर आणि गरोदर बाईच्या पोटातल्या बाळावर त्याचा परिणाम होतो. सुरक्षित असं प्रमाण नाही. हंसालाही त्रास होतो : तो पेठ्यात दळायला खडे गिळतो आणि चिखलातले छर्रे खडे समजून उचलतो. म्हणून कॅनडाने बहुतेक स्थलांतरी पक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे १९९९ मध्ये देशभर बंद केले. आता पोलादी वापरतात. ते हलके, लांबवर जोर राहत नाही, म्हणून शिकाऱ्याला पक्षी जवळ येऊ द्यावा लागतो. सुरुवातीला याच कारणाने पक्षी जखमी होऊन निसटत आणि लोक नवे छर्रे नाकारत.

तुमच्या भागात शिकार नसली तरी शिसं आहे. फेकजाळ्याच्या काठाला शिशाच्या गोळ्या असतात, आणि अनेक घरांत जुनं शिसं स्वयंपाकाच्या चुलीवर वितळवून त्या ओततात. त्या वाफेत आणि राखेत शिसं असतं. घरोघरी फिरताना हे आवर्जून बघा. ओतायचंच असेल तर घरापासून लांब, उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून, मुलांना दूर ठेवून. ते भांडं पुन्हा स्वयंपाकाला नको, ती राख भांडी घासायला नको. लोखंडी कड्या किंवा भाजलेल्या मातीचे मणी लावले तर हा प्रश्नच उरत नाही. जाळं थोडं सावकाश बुडतं, एवढाच फरक. गोळी दातांनी चेपायची सवय तर आजच मोडायला सांगा.

आमच्या बोडीत देवधान उगवतं. ऑस्ट्रेलियात असंच जंगली धान खाणारे हंस आहेत आणि तिथले आदिवासी त्यांची अंडी गोळा करतात, हे खरं का?
— गोरेगाव, जि. गोंदिया

खरं आहे. तो मॅगपाय हंस, काळा-पांढरा, डोक्यावर गाठ असलेला. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या आर्नहेम लँडचे योल्ङू लोक त्याला ‘गुरुमाची’च्या जवळपास उच्चारल्या जाणाऱ्या नावाने ओळखतात. पावसाळ्यात पूरमैदानांवर जंगली धान वाढलं की त्याच्याच काड्या दुमडून हा हंस पाण्यावर घरटं करतो. बहुधा एक नर आणि दोन माद्या मिळून एकच घरटं सांभाळतात, आणि आईबाप पिल्लांना चोचीत घास देतात. हंसांच्या कुळात असं दुसरं कोणी करत नाही. पावसाळ्याच्या अखेरीस अंडी गोळा होतात. आराफुरा दलदलीत सालीच्या होड्यांतून अंडी आणणाऱ्या माणसांची छायाचित्रं डोनाल्ड थॉमसन यांनी १९३७ मध्ये काढली, ती आजही त्या लोकांच्या घरांत जपलेली आहेत.

पक्ष्याची शिकार मात्र कोरड्या ऋतूच्या उत्तरार्धात, ऑगस्टनंतर. तोपर्यंत तो चिखलातला एका लव्हाळ्याचा गोड कंद खाऊन चरबीने भरलेला असतो आणि आटत्या डोहांवर दाटीने जमतो. भाजतात खड्ड्यात : तापवलेले दगड किंवा वारुळाची ढेकळं, वर पेपरबार्क झाडाची ओली साल, मग माती. १९९३च्या तिथल्या मूलनिवासी जमीनहक्क कायद्याने घरच्या गरजेपुरत्या शिकारीला परवान्याची अट लावलेली नाही. आपल्याकडे रानपक्ष्याचं अंडं उचलणं गुन्हा आहे, हे पुन्हा सांगतो.

तिथल्या मैदानांना मिमोसा नावाच्या काटेरी झुडपाने ग्रासलंय. तुमच्या बोडीला बेशरम. ती नुसती कापू नका. कापलेला प्रत्येक तुकडा ओल्या चिखलात पडला की मूळ धरतो. एप्रिल-मेमध्ये पाणी आटल्यावर मुळासकट खणा, पाळीच्या बाहेर नेऊन वाळवा आणि जाळा. पहिल्या पावसानंतर पंधरा दिवसांनी पुन्हा एक फेरी मारून नवे कोंब उपटा. ही दुसरी फेरी टळली की पहिल्याचे कष्ट पाण्यात जातात. देवधान आणि पाणवनस्पतींचे पट्टे मात्र राखा. मासे तिथंच अंडी घालतात.

तलावाकाठच्या बांधीत गहू आणि लाखोळी आहे. रात्री कादंबांचा थवा उतरून कोंब खुडून राहिला. मारायचं नाही, पण वाचवू कसं?
— पवनी

हंस चरतो तो कोवळा पाला, वीतभर उंचीपर्यंतचा. म्हणजे पेरणीनंतरचे तीन ते पाच आठवडेच सांभाळायचे आहेत.

तो पाण्यातून चालत वर येतो किंवा मोकळ्या जागेत उतरतो. पाण्याच्या बाजूला खुंट्या रोवून दोन समांतर दोर बांधा, एक वीतभर उंचीवर, दुसरा हातभर. शेतात वरून दोन-अडीच मीटर उंचीवर, तीन-चार मीटरच्या अंतराने चमकणाऱ्या पट्ट्या ताणा. पट्टीला मध्ये दोन-तीन पीळ द्या, म्हणजे वाऱ्यात फडफडून आवाज करते. उतरायची धावपट्टीच मोडते. नायलॉनचं बारीक जाळं नको, त्यात पक्षी अडकून मेला तर तुमच्यावरच केस होईल. बुजगावणं दर दोन दिवसांनी हलवा, एका जागी आठवडाभर राहिलं की त्याच्या पायाशी चरतात. सगळ्यात उपयोगी म्हणजे पहिल्या आठ दिवसांत संध्याकाळी दिवेलागणीला माणसाने शेतातून एक चक्कर मारणं. थवा रोजची जागा त्याच वेळी ठरवतो. फटाके तलावावर फोडू नका. विसाव्याची जागा उधळली की थवा विखरून पाच शेतांत जातो, आणि मग कोणाचंच शेत वाचत नाही. शक्य असेल तर चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून धान कापलेली एखादी पडीक बांधी पाण्याजवळ मोकळी सोडा, तिथं त्यांना बिनघोर चरू द्या.

तलावावर मेलेला हंस सापडला तर काय करावं?
— सेलू, जि. वर्धा

हात लावू नका, कुत्र्यालाही लावू देऊ नका. २००५ मध्ये चीनच्या छिंगहाय सरोवरावर बर्ड फ्लूने सहा हजारांवर रानपक्षी मेले, त्यांत मोठा वाटा आपल्याकडे येणाऱ्या पट्टकादंबांचा होता. जागा, वेळ आणि किती पक्षी हे लिहून घ्या, लांबून फोटो काढा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. ते येईपर्यंत त्या काठावर बदकं-कोंबड्या सोडू नका आणि तिथलं पाणी त्यांना पाजू नका. तलावावर गेलेल्या चपला कोंबड्यांच्या खुराड्यात नेऊ नका. चुकून हात लागलाच तर साबणाने कोपरापर्यंत धुवा, आणि आठवड्याभरात ताप-खोकला आला तर डॉक्टरांना मेलेल्या पक्ष्याचं आधी सांगा, मग तापाचं.